सगळं धरून किती?

सकाळी नऊ. पोळ्या लाटता लाटता एक डोळा फोनवर. नऊला बँकांचा आपसातला परकीय चलनाचा बाजार उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. माझा दिवस या साडेसहा तासांना बांधलेला. पुण्यात डेक्कनजवळ रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या एका छोट्या मनीचेंजरच्या काउंटरवर मी चौदा वर्षं बसते आहे. आज शुक्रवार, त्यात मे महिना. आमची सुगीच.

पावणेदहा. शटर वर गेलं की आधी तिजोरीतली मोजदाद. डॉलर, युरो, पौंड, दिरहॅम, थोडे बात. मग फलकावर दोन दर लिहायचे, आम्ही घेणार तो आणि आम्ही देणार तो. बाजारातला दर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तो फलकावर नसतो. गिऱ्हाइकाला मात्र नेमका तोच माहीत हवा. फोनवर दोन सेकंदांत सापडतो.

साडेदहा. निवृत्त शिक्षक काका आणि काकू. मुलीकडे अमेरिकेला निघालेत, हजार डॉलर हवेत. काका थोडे नाराजच होते. "ताई, कालच्या दुकानात झिरो कमिशन होतं. तुम्ही दोनशे रुपये कसले लावता?"

हा प्रश्न मला रोज येतो आणि रोज मी कागद पुढे ओढते. समजा, बाजारात डॉलर नव्वद रुपये आहे. एक दुकानदार कमिशन घेत नाही, पण डॉलर ९१.८० ने देतो. हजार डॉलरचे झाले ९१,८००. दुसरा दोनशे रुपये लावतो, पण डॉलर ९०.९० ने देतो. त्याचे झाले ९१,१००. जीएसटी दोघांकडेही आहे. लाखापर्यंतच्या रकमेवर एक टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर अठरा टक्के, म्हणजे इथे साधारण १६५ रुपये. दोनशेवरचे ३६ रुपये धरले तरी दुसरीकडे साडेसहाशेहून जास्त वाचतात. काकांनी चष्मा पुसला, आकडे पुन्हा स्वतः मांडले आणि मान डोलावली.

माझ्या पहिल्या नोकरीत हेच 'झिरो कमिशन' हसून सांगायला शिकवलं होतं. वर्षभर सांगितलं. त्या गिऱ्हाइकांचे पैसे मी परत देऊ शकत नाही, म्हणून आता प्रत्येकाला सांगते, नुसता दर विचारू नका. "हजार डॉलर हातात पडायला माझ्या खिशातून सगळं धरून किती जाणार?" असं विचारा. तीन ठिकाणी, एकाच तासात.

काका पिशवीतून रोख काढायला लागले तसं थांबवलं. पन्नास हजारांच्या वरची रक्कम रोखीत घेता येत नाही. चेक किंवा बँकेतून ट्रान्सफर. पॅन लागतोच.

बारा. थायलंडला निघालेले चार मित्र. सगळे पैसे बातमध्येच हवेत म्हणाले. बातवर आमच्याकडे मार्जिन डॉलरपेक्षा जास्त पडतं, कारण उलाढाल कमी. मी त्यांना उतरल्यावर टॅक्सीला आणि जेवणाला पुरतील एवढेच बात दिले, बाकी शंभराच्या डॉलर नोटा. बँकॉकमध्ये शंभराच्या नोटेला पाच-दहाच्या नोटांपेक्षा चांगला दर मिळतो. नोट मात्र कोरी हवी. मी एकेक नोट उजेडात धरली, निळी पट्टी कलती करून पाहिली, कोपरे बोटाने चाचपले. एका नोटेवर पेनाची बारीक रेघ होती, ती बाजूला काढली. "एवढीशी रेघ?" एकाने विचारलं. एवढ्याशा रेघेवरून तिकडचा काउंटर नोट परत करतो.

दीड. दिवसाचा संदर्भ दर जाहीर झाला. मेथीची भाजी, पोळी.

तीन. एक मुलगी धापा टाकत आली, रात्रीचं पॅरिसचं विमान. रोख युरो थोडे घेतले, बाकीचे फॉरेक्स कार्डावर. तिचं क्रेडिट कार्ड होतं, पण बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे शंभरामागे चार रुपये तेरा पैसे. तिला एक गोष्ट दोनदा सांगितली. तिकडच्या दुकानातलं यंत्र "रुपयांत की युरोत?" विचारेल तेव्हा युरोच निवडायचे. रुपये निवडले की दर ते यंत्र ठरवतं. साडेतीनच्या आत आली म्हणून बरं. बाजार बंद झाला की पुढचा दर कोणालाच माहीत नसतो, मग प्रत्येक दुकानदार सावधपणे मार्जिन वाढवतो. विमानतळावर ते आणखी वाढलेलं असतं.

साडेचार. एक आजी रुमालात गुंडाळलेल्या वीस पौंडांच्या नऊ नोटा घेऊन आल्या. यजमानांनी ठेवलेल्या, कागदी. ब्रिटनमध्ये त्या ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेल्या, आता तिकडे पॉलिमरच्या चालतात. मला घेता येईनात. आजींचा चेहरा पडला. पण बँक ऑफ इंग्लंड या नोटा अजूनही बदलून देते, आणि आजींचा नातू लीड्सला शिकतो. रुमाल त्यांच्या हातात परत देऊन त्याच्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. उरलेलं चलन घरात ठेवू नये ते यासाठीच. नोटांच्या रूपात दोन हजार डॉलरपर्यंत ठेवायला परवानगी आहे, त्यावरचं परतल्यापासून १८० दिवसांत विकावं लागतं. पण पुढची सहल ठरलेली नसेल तर थोडंही ठेवू नका.

साडेसात. हिशोब जुळला. तिजोरी बंद, शटर खाली. उद्या शनिवार. बाजार बंद असेल आणि आमच्याकडे गर्दी सगळ्यात जास्त असेल, कारण सुट्टी तेव्हाच असते. प्रवासाला अजून आठवडा असेल तर शनिवारी येऊ नका. सोमवारी अर्धा तास काढा, दहा ते तीनमध्ये या, पासपोर्ट, पॅन आणि तिकीट सोबत घ्या आणि निघताना पावती मागून घ्या.