हवाई सिपायांचे ओझर

जामनेरहून मालेगावमार्गे नाशिकला निघालेली गाडी आग्रा रोडला लागते, चांदवड आणि पिंपळगाव बसवंत मागे पडतात आणि ओझर येते. बाणगंगेकाठचे, निफाड तालुक्यातले हे गाव. रस्त्यावरून द्राक्षबागा दिसतात आणि मध्येच डोक्यावरून कानठळ्या बसवणारा आवाज करत सुखोई लढाऊ विमान निघून जाते. इथल्या माणसांना त्याचे काहीच वाटत नाही. त्यांच्या विमान कारखान्याच्या वसाहतीचा पत्ताच मुळी ‘ओझर मिग’ आहे.

भारतीय हवाई दल आज जगातल्या मोठ्या दलांत मोजले जात असले, तरी त्याचा जन्म अगदी किरकोळ होता. 8 ऑक्टोबर 1932 रोजी ते कागदावर आले. 1 एप्रिल 1933 रोजी कराचीच्या ड्रिघ रोड तळावर पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे होती 4 वापिती विमाने, 6 अधिकारी आणि 19 हवाई सिपाही. उडणाऱ्यांच्या तिपटीने माणसे विमान उडते ठेवण्यासाठी होती. तरी कौतुकाचे हार वैमानिकांच्याच गळ्यात पडत आले, सिपायांची नावे कोणी विचारली नाहीत.

आज दलाचे सात कमांड आहेत. पाच प्रत्यक्ष लढाईचे, एक प्रशिक्षणाचा, बेंगळुरूला, आणि एक देखभालीचा, तो आपल्या नागपूरला. लढाऊ स्क्वाड्रन म्हणजे साधारण 16 ते 18 विमाने. बातम्यांत स्क्वाड्रनची संख्या गाजते, पण त्यांतली किती विमाने आज सकाळी उडू शकतील, हा खरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर नागपूरच्या हाताखालचे डेपो देतात.

ओझरला एकाच विमानतळाच्या आधाराने दोन वेगळे संसार चालतात. पहिला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, 1963 मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि 1964 मध्ये मिग-21 चा कारखाना ओझरला आला. नाशिककर त्याचे श्रेय आजही त्यांनाच देतात. कामाची वाटणी अशी होती: विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला.

दुसरा संसार हवाई दलाचा स्वतःचा. 1974 मध्ये सुरू झालेला 11 बेस रिपेअर डेपो. उड्डाणाचे ठरलेले तास भरले की लढाऊ विमान इथे येते आणि पार उघडले जाते. इंजिन उतरते, झाकणे निघतात, टाक्या, वायरिंग, हायड्रॉलिकच्या नळ्या सुट्या होतात. डोळ्यांना न दिसणारी चीर अल्ट्रासाऊंडने, एक्स-रेने शोधली जाते. सगळे पुन्हा जोडून, रंग चढवून झाले की टेस्ट पायलट ते वर नेतो. इथे आधी सुखोई-7 येत, मग मिग-23, मिग-29. एप्रिल 2018 मध्ये याच डेपोने आपल्या हाताने ओव्हरहॉल केलेले पहिले सुखोई-30 दलाच्या स्वाधीन केले. 8 मार्च 2024 रोजी हिंडन तळावर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी डेपोला मानाचा ध्वज दिला. लढाऊ तुकड्यांच्या रांगेत पाना-पक्कडवाल्यांना हा मान मिळाला, हे फार बरे झाले.

सुखोई-30 म्हटले की जळगाव जिल्ह्याला माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आठवतात. जामनेरच्या शेजारच्या बोदवड तालुक्यातले नाडगाव हे त्यांचे जन्मगाव. 25 नोव्हेंबर 2009 रोजी, वयाच्या 74 व्या वर्षी, जी-सूट चढवून त्या पुण्याच्या लोहगावहून याच जातीच्या विमानातून उडाल्या. भारताने मागवलेल्या अशा 272 विमानांपैकी 222 एचएएलने बांधली आणि त्यांची जुळणी ओझरला झाली. डिसेंबर 2024 मध्ये आणखी 12 विमानांची मागणी नोंदवली गेली.

ओझरच्या मिग-21 ची गोष्ट एवढी गोड नाही. अपघातांमुळे त्याला ‘उडती शवपेटी’ म्हणू लागले. पण सगळा दोष यंत्रावर टाकणे सोपे आहे. नवख्या वैमानिकांना मिगच्या आधी हात बसवायला लागणारे आधुनिक प्रशिक्षण विमान, हॉक, दलात आले ते 2008 मध्ये. तोवर पोरे थेट या तापट विमानावर बसत होती. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला गेला.

ओझर मात्र रिकामे बसलेले नाही. 17 ऑक्टोबर 2025 रोजी तिथे तेजस मार्क-1ए या लढाऊ विमानाची तिसरी उत्पादन साखळी सुरू झाली आणि त्याच दिवशी नाशिकमध्ये बनलेले पहिले तेजस उडाले. वर्षाला 8 विमाने काढण्याची तिची क्षमता आहे. एचएएल आयटीआयच्या शिकाऊ उमेदवारांची भरती करते. जामनेर, भुसावळकडच्या फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन शिकणाऱ्या मुलामुलींनी त्या भरतीची जाहिरात चुकवू नये.