लाल पाइपातलं पाणी

उंच इमारतीच्या जिन्यालगतच्या डक्टमधून एक लाल पाइप तळापासून गच्चीपर्यंत गेलेला असतो. तो एरवी रिकामा असतो आणि आग लागली की त्यात पाणी सोडतात, असा पुष्कळांचा समज आहे. वेट रायझर असलेल्या इमारतीत मात्र हा पाइप रात्रंदिवस पाण्यानं भरलेला असतो, तोही दाबाखाली. सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट उघडला तरी तिथे साडेतीन बार दाब मिळाला पाहिजे, असं नॅशनल बिल्डिंग कोड सांगतं. पंपवाल्यांच्या भाषेत साडेतीन किलो. पाणी दहा मीटर वर चढवायला साधारण एक बार लागतो. म्हणजे ७० मीटरच्या टॉवरमध्ये चढायचे सात, वर पोचल्यावरचे साडेतीन, शिवाय पाइपातल्या घर्षणाचा खर्च वेगळा.

गच्चीवर टाकी आहेच, मग एवढा खटाटोप कशाला? कारण टाकीला सर्वांत जवळचा मजला दाबाच्या बाबतीत सर्वांत गरीब असतो. टाकीतलं पाणी खालच्या मजल्यांना उंचीमुळे फुकट दाब देतं, पण वरच्या मजल्याच्या डोक्यावर ती जेमतेम तीन-चार मीटरच असते. तिथे अर्धा बारसुद्धा भरत नाही. म्हणून पाणी वरून खाली आणणाऱ्या डाउन कमरच्या इमारतीत गच्चीवर बूस्टर पंप बसवतात, बहुधा मिनिटाला ९०० लिटरचा. तो बंद पडला तर तळमजल्याला पाणी छान येतं आणि वरचे मजले कोरडे राहतात. खाली नळी उघडून बघणाऱ्याला हा बिघाड कधीच सापडत नाही. चाचणी वरच्याच मजल्यावर घ्यायची, ती यासाठी.

छोटा उठतो, मोठा थांबत नाही

पंपघरात एक लहान पंप असतो, जॉकी पंप. कुठे सांधा झिरपला, दाब थोडा उतरला, की हा आपोआप सुरू होतो, दाब भरून काढतो आणि आपोआप थांबतो. कोणी खरोखरच हायड्रंट उघडला तर मिनिटाला १८० लिटरच्या जॉकीला ते झेपत नाही. दाब आणखी घसरतो आणि मिनिटाला २२८० लिटरचा मुख्य पंप उठतो. वीज नसेल तर डिझेलचा.

हा मोठा पंप आपोआप सुरू होतो, पण आपोआप थांबत नाही. थांबवायला माणसानंच बटण दाबायचं असतं. आग विझली की नाही, हे दाबाच्या काट्याला कळत नाही. मधेच पाणी बंद पडण्यापेक्षा पंप उगाच चालत राहिलेला बरा, असा हा हिशेब आहे आणि तो मला अगदी पटतो. याच कारणानं पंपाची वीज इमारतीच्या विजेपासून स्वतंत्र असावी लागते. आग लागली की पहिल्यांदा कोणीतरी मेन स्विच पाडतं. पंप त्याच लाइनवर असेल तर तोही तिथेच संपला.

जॉकी पंप दर काही मिनिटांनी घुरघुरत असेल तर समजा, पाइप कुठेतरी गळतोय. इतका स्वस्त गळतीशोधक दुसरा नाही. आणि जॉकी महिनोन्‌महिने अजिबात वाजत नसेल, तर आधी पॅनेलवरचा सिलेक्टर स्विच बघा. तो ‘ऑटो’वर हवा. दुरुस्तीच्या वेळी ‘मॅन्युअल’वर किंवा ‘ऑफ’वर टाकलेला स्विच परत फिरवायचा राहून जातो, आणि मग सगळी यंत्रणा शोभेची होते. अमेरिकेतल्या एनएफपीए या संस्थेच्या अभ्यासांतही हेच दिसतं. स्प्रिंकलर असूनही चालले नाहीत, अशा आगींमध्ये सर्वांत मोठं कारण म्हणजे यंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली होती. गंजलेले पाइप, तुंबलेले नोझल ही कारणं त्याच्या खूप मागे येतात.

डिझेल पंपाची गोची बहुधा बॅटरीत असते. इंजिन ठणठणीत, टाकीत डिझेल आणि बॅटरी मेलेली. आठवड्याला अर्धा तास इंजिन चालवलं तर हे आधीच कळतं.

एका व्हॉल्व्हची गोष्ट

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी तिच्या २२व्या मजल्यावर आग लागली. वीज गेली. जवानांनी जिन्यातल्या हायड्रंटला नळ्या जोडल्या, पण नोझलमधून हवी तशी धार निघेना. पाणी होतं, पाइपही होते. दोष होता दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये.

उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर दाब इतका असतो की नळी हातात धरवत नाही. तो आटोक्यात ठेवायला हे व्हॉल्व्ह लावतात. वन मेरिडियनमध्ये ते गरजेपेक्षा खूपच कमी दाबावर लावलेले होते, आणि ते वाढवायची हातोटी घटनास्थळी कोणाला ठाऊक नव्हती. जाणकार तंत्रज्ञ आला तोवर आग हाताबाहेर गेली होती. तीन जवान गेले. इमारत सुमारे १९ तास जळत राहिली.

ही आग थांबवली कोणी? ३०व्या मजल्यावरच्या दहा स्प्रिंकलरांनी. खालच्या जळालेल्या मजल्यांवर स्प्रिंकलर नव्हते, या मजल्यावर होते, आणि अग्निशमन दलाच्या गाड्या त्यांना खालून पाणी पुरवत होत्या. अशी गाडी जोडण्यासाठीच आपल्याकडच्या इमारतींच्या दर्शनी भागात लाल तोंडांचा ब्रिगेड इनलेट असतो. त्याच्यासमोर स्कूटर लावू देऊ नका.

काचेची कुपी

स्वयंचलित स्प्रिंकलरची सुरुवात पियानोच्या कारखान्यात झाली. हेन्री पार्मली यांनी १८७४ साली अमेरिकेत न्यू हेवन इथल्या आपल्या कारखान्यासाठी तो बनवला. आजच्या स्प्रिंकलरमध्ये बोटाच्या पेरापेक्षाही लहान काचेची कुपी असते. आतला द्रव तापून फुगतो, कुपी फुटते, पाणी सुटतं. द्रवाचा रंग बघून तापमान सांगता येतं: नारिंगी ५७ अंश, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१. ऑफिसात आणि मॉलमध्ये लाल दिसतो. स्वयंपाकघरासारख्या गरम जागी वरच्या तापमानाचा लागतो, नाहीतर भट्टीच्या धगीनंच फुटेल.

सिनेमात एका सिगरेटनं अख्ख्या मजल्यावर पाऊस पडतो. प्रत्यक्षात नेहमीच्या यंत्रणेत ज्या कुपीला उष्णता पोचली तीच फुटते, बाकीच्या जागच्या जागी. पहिलं पाणी मात्र काळंकुट्ट आणि वास मारणारं असतं, कारण ते वर्षानुवर्षं लोखंडी पाइपात साचलेलं असतं.

टाकीतलं पाणी तरी असं साचून राहू नये, म्हणून कोडनं सुरेख तोड काढली आहे. नळाचं पाणी आधी आगीच्या टाकीत घ्यायचं, ती भरून वाहिली की ओव्हरफ्लोनं ते वापराच्या टाकीत सोडायचं. त्यामुळे आगीचं पाणी ताजं राहतं आणि राखीव साठ्याला घरगुती पंप हात लावू शकत नाही. टाकी ड्राइव्हवेखाली असेल तर तिच्या स्लॅबनं ४५ टनांचा भार पेलला पाहिजे, कारण वर अग्निशमन दलाची गाडी उभी राहणार असते.

डक्टचं दार उघडल्यावर

आत मोठ्या व्यासाची नळी असते, ६३ मिलिमीटरची. १५ मीटरची एक नळी भरली की तिच्यात ४७ लिटर पाणी मावतं, म्हणजे एका माणसानं ओढायला ४७ किलो जास्त. ती जवानांसाठी. शेजारी रिळावर गुंडाळलेली बारीक नळी, होज रील, ही रहिवाशांसाठी. आधी तिचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, मग नळी ओढत न्यायची आणि टोकाचा नोझल आगीजवळ गेल्यावर फिरवायचा. हे एकदा तरी करून बघा. धुराच्या अंधारात पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नव्हे.

दार उघडल्यावर पुष्कळदा दिसतात ते झाडू, जुन्या चपला, रंगाचे डबे. त्याहून वाईट म्हणजे मोकळी खुंटी. नोझल आणि कपलिंग पितळेचे किंवा गनमेटलचे असतात, भंगारात चांगला भाव येतो, म्हणून चोरीला जातात. वॉचमनच्या फेरीच्या वहीत प्रत्येक मजल्याच्या नोझलसाठी एक रकाना ठेवला तर चोरी त्याच दिवशी कळते.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं फॉर्म ‘बी’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यावं लागतं. सेक्रेटरींकडे प्रत मागा. एजन्सीचा माणूस येईल तेव्हा गच्चीवर त्याच्याबरोबर जा आणि व्हॉल्व्ह आपल्यासमोर उघडायला सांगा.

घराला किंवा ऑफिसला रंग काढणार असाल तर आणखी एक. रंगाऱ्याचा ब्रश स्प्रिंकलरवर फिरला तर ती कुपी उशिरा फुटते किंवा फुटतच नाही. रंग खरवडून काढणं हा उपाय नाही, तो हेडच बदलावा लागतो. काम सुरू करण्याआधी प्रत्येक हेडवर कागदी पिशवी बांधा, आणि रंगारी निघण्याआधी प्रत्येक पिशवी काढली का ते मोजून बघा.