वाहतूक वर्तुळ आणि चौक

वाहतूक वर्तुळ : दोन वा अधिक रस्ते जेथे एकत्र येतात, तेथे मध्यभागी गोल बेट ठेवून त्याच्या भोवतीने सर्व वाहने एकाच दिशेने फिरतील अशी केलेली चौकाची रचना. व्यवहारात तिला ‘सर्कल’ असेही म्हणतात. भारत, ब्रिटन यांसारख्या डावीकडून वाहने चालविण्याची पद्धत असलेल्या देशांत वर्तुळातील वाहने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तर अमेरिका, फ्रान्स इ. देशांत त्याच्या उलट दिशेने फिरतात. साध्या चौकात वाहने परस्परांचा मार्ग सरळ छेदतात व त्यांचे नियमन वाहतूक दिवे, पोलीस, थांबण्याचे फलक किंवा केवळ अग्रक्रमाचा नियम यांनी केले जाते. वर्तुळात हा छेद नाहीसा होऊन प्रवाहात मिसळणे व त्यातून बाहेर पडणे या दोनच क्रिया उरतात. दोन्ही रचनांतील बहुतेक भेद यातूनच उद्‌भवतात. मात्र त्यांचे लाभ वाहनचालक व पादचारी यांना सारख्या प्रमाणात मिळतातच असे नाही.

इतिहास : मोटारगाड्यांचा प्रसार होऊ लागला तेव्हा मोठ्या शहरांतील चौकांत वाहनांची कोंडी होऊ लागली. न्यूयॉर्क येथील कोलंबस सर्कलमध्ये विल्यम फेल्प्स ईनो यांच्या योजनेनुसार १९०५ च्या सुमारास चक्राकार एकेरी वाहतूक सुरू झाली. पॅरिसमध्ये यूजीन एनार या वास्तुविशारदांनी याच सुमारास अशी योजना मांडली व बारा रस्ते जेथे मिळतात त्या एत्वाल चौकात १९०७ मध्ये ती अंमलात आली. इंग्लंडमध्ये लेचवर्थ या उद्याननगरीत १९०९ च्या सुमारास पहिले वर्तुळ बांधण्यात आले.

या आरंभीच्या वर्तुळांत एक मूलभूत दोष होता. अनेक ठिकाणी आत शिरणाऱ्या वाहनास अग्रक्रम असे किंवा अग्रक्रमाचा नियमच नसे. त्यामुळे गर्दीच्या वेळी वाहने आत येत राहत. आतील वाहनांना बाहेर पडता येत नसे आणि संपूर्ण वर्तुळ जागच्या जागी अडकून पडे. यावर उपाय म्हणून वर्तुळे अधिकाधिक मोठी करण्यात आली. परंतु त्यामुळे वाहनांचा वेग वाढला व अपघातही होऊ लागले. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही रचना बरीच मागे पडली.

ब्रिटनने १९६६ मध्ये वर्तुळातील वाहनास अग्रक्रम देण्याचा नियम केला आणि या रचनेचे स्वरूपच पालटले. आत येणाऱ्या चालकाने वेग कमी करून, प्रवाहात पुरेशी फट मिळेपर्यंत थांबावयाचे, हा नियम लागू झाल्यावर वर्तुळ अडकून पडण्याचे मुख्य कारण दूर झाले व मोठ्या व्यासाची गरजही उरली नाही. ब्रिटिश रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील अभियंते फ्रँक ब्लॅकमोर यांनी लहान वर्तुळांवर प्रयोग केले. स्विंडन येथे १९७२ मध्ये तयार झालेल्या प्रसिद्ध चौकात एका मध्यवर्ती बेटाभोवती पाच लघुवर्तुळे आहेत. फ्रान्सने १९८३–८४ मध्ये आतील वाहनास अग्रक्रम देण्याचा नियम स्वीकारला आणि तेथे वर्तुळांची संख्या झपाट्याने वाढली. अमेरिकेत नव्या पद्धतीची पहिली वर्तुळे १९९० मध्ये नेव्हाडा राज्यातील लास व्हेगासजवळ बांधण्यात आली.

रचना : आधुनिक एकमार्गिकी वर्तुळाचा बाह्य व्यास सर्वसाधारणपणे ३० ते ५० मी. असतो. प्रवेशमार्ग मुद्दाम वळणदार ठेवतात, त्यामुळे चालकास सरळ रेषेत वेगाने जाता येत नाही. येणारी व जाणारी वाहने वेगळी करण्यासाठी प्रत्येक रस्त्याच्या मुखाशी दुभाजक बेट असते. लांब ट्रक व बस यांच्या मागील चाकांना वळताना जास्त जागा लागते. त्यासाठी मध्यवर्ती बेटाच्या कडेने किंचित उंच फरसबंद पट्टा ठेवतात. पादचारी पट्टे प्रवेशरेषेपासून सु. एका मोटारीच्या लांबीइतके मागे आखतात.

वाहनचालकांच्या दृष्टीने : ज्या ठिकाणी दोन वाहनांचे मार्ग एकत्र येतात, फुटतात किंवा परस्परांस छेदतात, त्या ठिकाणास संघर्षबिंदू म्हणतात. दोन रस्त्यांच्या साध्या चौकात असे ३२ बिंदू असतात व त्यांपैकी १६ ठिकाणी मार्ग एकमेकांस छेदतात. एकमार्गिकी वर्तुळात केवळ ८ संघर्षबिंदू असतात आणि छेदाचा बिंदू एकही नसतो. त्यामुळे काटकोनातील धडक आणि समोरासमोरची टक्कर हे सर्वांत घातक प्रकार जवळजवळ टळतात. चूक झालीच, तर वाहने कमी वेगाने व तिरप्या कोनात घासली जातात. वर्तुळामुळे माणसाच्या चुका थांबत नाहीत, तर चुकीचे परिणाम सौम्य होतात. अमेरिकेतील २३ चौकांचे वर्तुळांत रूपांतर केल्यानंतरच्या परिणामांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एकूण अपघात सु. ४० टक्क्यांनी, तर माणसे जखमी होण्याचे अपघात सु. ८० टक्क्यांनी घटले.

वर्तुळास वीज लागत नाही व रहदारी तुरळक असताना चालकास निष्कारण तांबड्या दिव्यासमोर थांबावे लागत नाही. उलटपक्षी, एका रस्त्यावरील वाहतूक इतरांपेक्षा फार अधिक असल्यास तिच्या अखंड प्रवाहात बाजूच्या रस्त्यावरील वाहनांना फट मिळत नाही. वाहतूक दिव्यांनी हरित काळाची योग्य वाटणी करता येते, तसेच लागोपाठच्या चौकांतील दिव्यांचा मेळ घालून प्रवाह सलग ठेवता येतो. वर्तुळांना या सोयी नाहीत. बहुमार्गिकी वर्तुळात मार्गिका बदलताना लहानमोठे अपघातही अधिक होतात.

पादचाऱ्यांच्या दृष्टीने : पादचाऱ्याची सुरक्षितता मुख्यतः वाहनाच्या वेगावर अवलंबून असते. ताशी ५० किमी. वेगाचे वाहन एका सेकंदात सु. १४ मी., तर ताशी ३० किमी. वेगाचे वाहन सु. ८ मी. अंतर कापते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पहिल्या वाहनाच्या आघाताची ऊर्जा दुसऱ्याच्या सु. २·८ पट असते. या दृष्टीने लहान, एकमार्गिकी वर्तुळ पादचाऱ्यास अनुकूल ठरते. त्याला एका वेळी एकाच दिशेच्या व एकाच मार्गिकेतील वाहनाकडे लक्ष द्यावे लागते आणि दुभाजक बेटावर मध्येच थांबता येते. साध्या चौकात मात्र हिरवा दिवा मिळालेल्या पादचाऱ्यावरही वळणारी वाहने चालून येऊ शकतात.

मोठ्या व बहुमार्गिकी वर्तुळात परिस्थिती बदलते. जवळच्या मार्गिकेतील वाहन थांबले, तरी त्याच्या आड दडलेले पलीकडील वाहन पादचाऱ्यास दिसत नाही. बाहेर पडणारा चालक वेग वाढविण्याच्या विचारात असतो. शिवाय चालण्याचे अंतर वाढते : ६० मी. व्यासाच्या वर्तुळाच्या कडेने पलीकडे जाण्यास सु. ९४ मी. चालावे लागते. मुले, वृद्ध व ओझे घेऊन जाणारी माणसे यांना हा फेरा जाचक वाटतो आणि ती वर्तुळातूनच वाट काढू लागतात. मध्यवर्ती बेटावरील बाग किंवा पुतळा यांच्या आकर्षणानेही असे घडते.

अंध व्यक्तींची अडचण याहून गंभीर आहे. साध्या चौकात एका दिशेची वाहने थांबल्याचा व दुसऱ्या दिशेची सुटल्याचा आवाज त्यांना मार्गदर्शक होतो. वर्तुळात आवाज अखंड असतो व फिरणारे वाहन बाहेर पडणार की पुढे जाणार, हे कानांनी ओळखता येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या ॲक्सेस बोर्ड या शासकीय संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांत बहुमार्गिकी वर्तुळांवरील पादचारी पट्ट्यांसाठी दिवे किंवा उंचावलेले पट्टे यांसारखी जादा व्यवस्था आवश्यक ठरविली.

भारतातील वर्तुळे : नवी दिल्लीच्या आखणीत आणि चंडीगढच्या प्रमुख रस्त्यांच्या छेदांवर मोठी वर्तुळे योजण्यात आली. मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलमध्ये वर्तुळाकार रस्त्याच्या मध्यभागी महेश्वरी उद्यान आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ मध्ये वर्तुळांसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत ताशी ५०० ते ३,००० वाहनांची वर्दळ वर्तुळास योग्य मानली असून, अभिकल्पासाठी नागरी भागात ताशी ३० किमी. व ग्रामीण भागात ताशी ४० किमी. वेग गृहीत धरला होता. २०१७ मध्ये या शिफारशी सुधारण्यात आल्या. भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने वर्तुळातील वाहन आत येणाऱ्याच्या उजवीकडे असते; त्यामुळे उजवीकडील वाहनास वाट देण्याचा सर्वसाधारण नियम येथे वर्तुळास पोषकच आहे. हा नियम न पाळता वाहने आत घुसविल्यास मात्र १९६६ पूर्वीच्या वर्तुळांचा दोष पुन्हा निर्माण होतो व अखेर वर्तुळावरच दिवे किंवा पोलीस ठेवण्याची पाळी येते.

निवड : वर्तुळ की दिव्यांचा चौक, हे ठरविताना उपलब्ध जागा, निरनिराळ्या रस्त्यांवरील वाहतुकीचे प्रमाण व अवजड वाहनांची संख्या यांबरोबरच पायी चालणाऱ्यांची मोजणीही आवश्यक असते. मध्यम व समतोल वाहतुकीच्या ठिकाणी लहान वर्तुळ उभयतांस हितकारक ठरते. पादचाऱ्यांची सतत मोठी वर्दळ असणारी रेल्वे स्थानके, बाजारपेठा, शाळा यांच्या परिसरात जेथे बहुमार्गिकी रस्ते एकत्र येतात, तेथे त्यांना रस्ता ओलांडण्यासाठी निश्चित वेळ देणारा दिवाच बहुधा अधिक उपयुक्त असतो. केवळ वाहनांच्या संख्येवरून आखलेले वर्तुळ चालकास सुरक्षित ठरले, तरी पायी चालणाऱ्यास अडसर होऊ शकते.