ग्रुपवर ‘रेट काय?’ विचारण्याआधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मार्केट रिसर्चबद्दल बोललो. माल कुठून घ्यायचा, भाव काय, गिऱ्हाईक कोण? हे शोधायला आज आपण आधी कुठे जातो? उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तिथे जाणकार माणसं असतात आणि सल्ला फुकट मिळतो. मग एकाच ग्रुपवर एकाला दहा उत्तरं येतात आणि दुसऱ्याला नुसता अंगठा, असं का होतं?

माझ्या बॅचमधल्या एका ताईंचा किस्सा सांगतो. त्या बदलापूरला घरून ड्रेस मटेरियल विकतात. ग्रुपवरच्या उल्हासनगरच्या एका दादांनी त्यांना आपल्या सप्लायरचा नंबर दिला, आपल्याला पडणारा भावही सांगितला. सगळं पर्सनल मेसेजवर. ताईंनी चांगल्या मनाने त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, ‘सगळ्यांना फायदा होऊ दे’ म्हणून. सप्लायरला चाळीस फोन गेले, प्रत्येकाला तोच भाव हवा! दादांचा वर्षानुवर्षांचा भाव बंद झाला. त्यांनी ग्रुप सोडला नाही, पण त्यानंतर कोणालाच उत्तर दिलं नाही. ग्रुपमधला सगळ्यात जाणकार माणूस गप्प झाला. नुकसान एकट्या दादांचं नाही, सगळ्यांचं झालं.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी उल्हासनगरचं मार्केट उभं केलं. गावाला उल्हासनगर हे नाव 1949 मध्ये मिळालं, तरी पत्ता आजही ‘कॅम्प नंबर’नेच सांगतात. अशा मार्केटमध्ये भांडवलाइतकीच पत चालते. ग्रुपवरही तसंच आहे. तिथे तुमची पत दोन गोष्टींवर ठरते: प्रश्न कसा विचारता आणि मिळालेल्या उत्तराचं पुढे काय करता.

1. आधी शोधा, मग विचारा

‘उद्यम नोंदणीला किती खर्च येतो?’ हा प्रश्न दर आठवड्याला येतो. सरकारी पोर्टलवर ही नोंदणी फुकट आहे. ग्रुपच्या सर्चमध्ये ‘उद्यम’ टाइप केलं तर जुनं उत्तर सापडेल. न शोधता विचारलं, की कोणीतरी पर्सनलवर येऊन ‘मी करून देतो, दीड हजार द्या’ म्हणतो, आणि आपण देऊनही बसतो!

2. प्रश्न पूर्ण लिहा

‘जीन्स होलसेल रेट?’ याला उत्तर देणार कसं? दुकानात गेलात तरी व्यापारी आधी विचारतो, ‘कितना पीस चाहिए?’ मग असं लिहा: ‘मी अंबरनाथ पूर्वेला राहतो. जेन्ट्स जीन्स, महिन्याला अंदाजे 60 नग हवेत. दोन दुकानांत विचारलं, पण कमीत कमी 100 नग घ्या म्हणतात. कमी नगात देणारं कोणी आहे का?’ तुम्ही स्वतः किती पळापळ केली ते यात दिसतं. मेहनत दिसली की समोरचा मदत करतो.

चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाळा. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये उभा असलेला माणूस तो ऐकेल कसा? आणि आपल्याकडच्या ग्रुपवर मराठी, सिंधी, हिंदी बोलणारे सगळेच असतात. सगळ्यांना कळेल असं सोपं लिहा.

3. खाजगीत मिळालेलं खाजगीतच ठेवा

भाव, सप्लायर, गिऱ्हाईक ही माणसाची कमाई आहे. पुढे सांगायचं असेल तर आधी विचारा, ‘दादा, हे ग्रुपवर टाकू का?’ परवानगी मिळाली तर नावासकट श्रेय द्या.

ग्रुपवर सगळ्यांचे नंबर दिसतात, म्हणून ते उचलून स्वतःची जाहिरात पाठवायची नाही. हे विशेषतः घरून काम करणाऱ्या ताईंच्या बाबतीत लक्षात ठेवा. एकदा नको ते मेसेज सुरू झाले की त्या ग्रुपच सोडतात.

4. खात्री नसेल तर तसं लिहा

‘मी स्वतः घेतलंय’ आणि ‘मी ऐकलंय’ यात फरक आहे. तुमच्या शब्दावर कोणीतरी उद्या पैसे घालणार असतो. कर्ज-सबसिडीच्या मेसेजवर अनेकदा फॉरवर्ड झाल्याचा दुहेरी बाण दिसला, तर आधी सरकारी वेबसाइट तपासा.

5. राग ग्रुपवर काढू नका

पार्टीने पैसे थकवले की नाव टाकून बदनामी करावीशी वाटते. त्याने वसुली होत नाही, उलट मानहानीची नोटीस येऊ शकते. कायदेशीर रस्ता वापरा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादक किंवा सेवा देणाऱ्यांचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत, आणि मुदत ठरलेलीच नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास व्याजासकट मागणी करत फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं. त्यासाठी माल देण्याआधीच उद्यम नोंदणी करून ठेवा. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाराला मात्र हा लाभ मिळत नाही.

6. पुढे काय झालं ते कळवा

हे जवळजवळ कोणीच करत नाही. उत्तर मिळालं, काम झालं, माणूस गायब! आठ दिवसांनी दोन ओळी टाका: ‘तुम्ही सांगितलेल्या ठिकाणी गेलो, 50 नग मिळाले, शिलाई ठीक आहे, झिप जरा हलकी आहे.’ सांगणाऱ्याला बरं वाटतं आणि पुढच्या नवख्याला तयार माहिती मिळते.

त्या ताईंनी नंतर काय केलं? कॅम्पमध्ये जाऊन दादांची समोरासमोर माफी मागितली. भाव काही परत आला नाही. पण दोन महिन्यांनी ग्रुपवर कोणीतरी अस्तराच्या कापडाबद्दल विचारलं, आणि दादांचं उत्तर आलं. एकच ओळ होती. पण आली!

या आठवड्याचं काम: तुमचा शेवटचा प्रश्न ग्रुपवर शोधा. ज्यांनी उत्तर दिलं होतं, त्यांना पुढे काय झालं ते आजच कळवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!