चौकट : विद्यापीठाबाहेरचा इतिहासकार

बीदर-कलबुर्गीच्या इतिहासाचा मोठा भाग नोकरदारांनी उभा केला. हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते 1914 चे. त्याचे संचालक गुलाम यझदानी यांचा बीदरच्या वास्तूंवरचा ग्रंथ 1947 मध्ये आला. 1472 च्या महमूद गवान मदरशाच्या अभ्यासकाला तो आजही टाळता येत नाही. सेतुमाधवराव पगडी 1910 मध्ये निलंग्यात जन्मले. हा तालुका 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. प्रशासकीय सेवेत राहून त्यांनी फारसी साधने मराठीत आणली, पुढे महाराष्ट्राचे गॅझेटिअर संपादले.

सरकारी खाती फक्त डागडुजी करतात, हा आक्षेप कलबुर्गी जिल्ह्यातल्या सन्नतीपुढे टिकत नाही. तिथल्या चंद्रलांबा परिसरातील कालीमंदिराच्या दगडांवर अशोकाचे आदेश आढळले. जवळच्या कनगनहळ्ळीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने स्तूप उकरला आणि ब्राह्मीत नाव कोरलेले अशोकाचे शिल्प हाती आले. वाचनाचे कामही वाटलेले आहे : सन्नतीच्या प्राकृत लेखांसाठी सर्वेक्षणाची म्हैसूरची पुरालेख शाखा, बीदरच्या फारसी-अरबी लेखांसाठी नागपूरची. मराठी, कन्नड, उर्दू येणाऱ्या सीमाभागातल्या पदवीधराने फारसी किंवा ब्राह्मी शिकली, तर ही दारे त्याच्यासाठीच आहेत.