लाडू कोणी खाल्ले आणि आजोबांना चक्कर का येते?

पत्ते, कॅरम, सारीपाट, साप-शिडी, व्यापार. आपल्या घरांतले बहुतेक बैठे खेळ एकमेकांविरुद्ध खेळायचे असतात. एक जिंकतो, बाकीचे हरतात आणि धाकट्यांपैकी एखादा हमखास रुसून उठतो. अलीकडे मात्र घरांत आणि पुण्या-मुंबईतल्या बोर्डगेम कॅफेंत एक वेगळा प्रकारही दिसू लागला आहे. या खेळांत टेबलाभोवती बसलेले सगळे एकाच बाजूचे भिडू असतात. समोर असतो एक गुन्हा, काही संशयित आणि विखुरलेले पुरावे. सगळ्यांनी मिळून गुन्हेगार शोधायचा. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

हा प्रकार तसा जुना आहे. ‘शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ हा खेळ अमेरिकेत १९८१ साली आला. त्यात फासे नाहीत, सोंगट्या नाहीत. लंडनचा नकाशा, पत्त्यांची यादी, त्या दिवसाचे वर्तमानपत्र आणि एक प्रकरण एवढेच साहित्य. कोणाकडे जाऊन चौकशी करायची हे भिडूंनी चर्चा करून ठरवायचे. शेवटी त्यांच्या तपासाची तुलना खुद्द होम्सच्या तपासाशी होते आणि त्याच्यापेक्षा जास्त घरांचे उंबरठे झिजवले असतील तर गुण कापले जातात. जर्मनीत दरवर्षी सर्वोत्तम खेळाला दिला जाणारा प्रतिष्ठेचा पुरस्कार १९८५ साली या खेळाला मिळाला. तोच पुरस्कार २०२१ मध्ये ‘मायक्रोमॅक्रो : क्राइम सिटी’ला मिळाला. यात ७५ बाय ११० सेंटिमीटरचा एका शहराचा कृष्णधवल नकाशा टेबलावर पसरायचा आणि भिंगातून बघत १६ प्रकरणे उलगडायची. ‘मिस्टेरियम’मध्ये एक भिडू भूत होतो. त्याला सगळे ठाऊक असते, पण बोलायची बंदी असते. तो फक्त चित्रांची पाने देतो आणि बाकीच्यांनी अर्थ लावायचा.

स्मृतिभ्रंशावर औषध?

अशा खेळांचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो मेंदूच्या आरोग्याचा. ‘आईबाबांना खेळायला बसवले तर स्मृतिभ्रंश टळेल का?’ या प्रश्नाचे उत्तर जपून द्यावे लागते.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले होते. पुढे फ्रान्समध्ये ३,६७५ ज्येष्ठांचा तब्बल वीस वर्षे मागोवा घेण्यात आला. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बैठे खेळ खेळणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका १५ टक्क्यांनी कमी दिसला. पण सुरुवातीलाच कोणाची बुद्धी किती तल्लख होती आणि कोणाला नैराश्य होते हे हिशेबात धरल्यावर तो फरक ठामपणे सांगता येण्याजोगा उरला नाही. खेळामुळे मेंदू तरतरीत राहतो की तरतरीत मेंदूची माणसेच खेळायला बसतात, याचा निवाडा अशा पाहण्यांतून होत नाही.

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्यासारखे १४ धोके मांडले. त्यांत मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान यांच्या जोडीला ऐकू कमी येणे आणि एकटेपणही आहे. खेळामुळे चार माणसे एका टेबलाशी येतात, ज्येष्ठ माणूस संभाषणात राहतो, हे नक्कीच चांगले आहे. पण खेळाचे खोके औषधाच्या बाटलीसारखे विकत आणू नये.

रहस्याच्या खेळांतून मिळणारी खरी शिकवण वेगळीच आहे. एका घरगुती चोरीवरून ती लगेच लक्षात येईल.

डब्यातले चार लाडू

कल्पना करा, दिवाळीच्या फराळातले चार बेसनाचे लाडू दुपारी तीन ते चारच्या दरम्यान गायब झाले आहेत. संशयित तीन : मामा, काकू आणि सात वर्षांचा चिंटू. तपासाला बसले आहेत चौघे. तीन गोष्टी चौघांनाही ठाऊक आहेत. मामांना बेसनाचे लाडू अतिशय आवडतात. मामा दुपारी घरीच होते. डबा सगळ्यात वरच्या फळीवर असतो आणि चिंटूचा हात तिथे पोचत नाही.

याशिवाय प्रत्येकाच्या हाती एकेक चिठ्ठी आहे, जी फक्त त्यालाच माहीत आहे. पहिल्याची चिठ्ठी : मामांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. दुसऱ्याची : डब्याचे झाकण इतके घट्ट आहे की दोन्ही हात लावल्याशिवाय उघडत नाही. तिसऱ्याची : काकू अडीच ते पाच बँकेत होत्या. चौथ्याची : अंगणातले उंच स्टूल चार वाजता फळीखाली उभे होते.

चारही चिठ्ठ्या टेबलावर आल्या तर चोर सापडायला मिनिटभरही लागणार नाही. मामांना डबा उघडता येत नाही, काकू घरात नव्हत्या आणि स्टुलावर चढल्यावर चिंटूचा हात पोचतो. पण होते काय? चर्चा सुरू होते ती सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टींपासून. ‘मामांना लाडू किती आवडतात!’ असे एक जण म्हणतो, बाकीचे माना डोलावतात. ‘आणि घरी तेच होते,’ दुसरा भर घालतो. प्लास्टरची चिठ्ठी धरून बसलेल्याला वाटते, डावा हात आहे की! झाकणाची चिठ्ठी ज्याच्याकडे आहे त्याला तर ती निरर्थकच वाटते, कारण प्लास्टरचे त्याला ठाऊक नाही. दोघेही गप्प राहतात आणि मामा दोषी ठरतात.

यामागे साधे गणित आहे. समजा, प्रत्येक जण आपल्याला ठाऊक असलेली एखादी गोष्ट बोलून दाखवण्याची शक्यता निम्मी आहे. मग चौघांनाही माहीत असलेली गोष्ट निदान एकदा तरी उच्चारली जाण्याची शक्यता सोळापैकी पंधरा आहे. चारही खासगी चिठ्ठ्या बाहेर येण्याची शक्यता मात्र सोळापैकी फक्त एक! कोणी खोटे बोलले नाही, कोणी आळस केला नाही, तरीही निरपराध माणूस अडकतो.

चाळीस वर्षांचे संशोधन

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये नेमका हाच सापळा प्रयोगातून दाखवला. विद्यार्थी प्रतिनिधी निवडण्यासाठी त्यांनी गट बसवले आणि सर्वांत योग्य उमेदवाराचे गुण वेगवेगळ्या सदस्यांमध्ये वाटून टाकले. एकत्र बसून ही माहिती जुळवली असती तर योग्य उमेदवार सहज कळला असता. गट मात्र सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच बोलत राहिले आणि बहुतेकांनी चुकीची निवड केली. पुढे असे प्रयोग खूप झाले. त्यांपैकी ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये घेतला गेला. ज्या गटांत माहिती अशी विखुरलेली होती, त्यांना योग्य उत्तर सापडण्याची शक्यता सगळी माहिती सगळ्यांकडे असलेल्या गटांपेक्षा आठपट कमी होती.

यातला एक प्रयोग तर थेट खुनाच्या रहस्याचाच होता. स्टॅसर आणि डेनिस स्टुअर्ट यांनी १९९२ मध्ये काही गटांना सांगितले, ‘गुन्हेगार नक्की ठरवता येईल इतका पुरावा तुमच्याकडे आहे.’ दुसऱ्या गटांना सांगितले, ‘पुरावा कदाचित अपुरा असेल, कोणावर जास्त संशय येतो ते ठरवा.’ पुरावा दोघांकडे सारखाच होता. तरी उत्तर नक्की आहे असे मानणाऱ्या गटांनी जास्त खोदून विचारले आणि त्यांना खरा गुन्हेगार अधिक वेळा सापडला. १९९५ च्या पुढच्या प्रयोगात असेही दिसले की कोणत्या संशयिताबद्दल कोणाकडे जादा माहिती आहे हे सुरुवातीलाच जाहीर केले, तर लपलेल्या गोष्टी अधिक बाहेर येतात.

तपासणीच्या खोलीत

खेळात चुकले तर फार तर मामा रुसतील. दवाखान्यात चुकले तर किंमत मोठी असते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन-तीन डॉक्टरांचे गट घेतले होते : एक निवासी डॉक्टर, एक इंटर्न आणि एक वैद्यकीय विद्यार्थी. तिघांना एकाच रुग्णाच्या मुलाखतीच्या थोड्या वेगळ्या चित्रफिती एकट्या-एकट्याने दाखवल्या आणि मग निदानाची चर्चा करायला सांगितले. तिघांनाही माहीत असलेली लक्षणे आधी आणि जास्त बोलली गेली. एकालाच माहीत असलेली लक्षणे मागे पडली. मात्र गटप्रमुख जास्त प्रश्न विचारत होते आणि चर्चा पुढे जाईल तसे ते एकट्याने सांगितलेले मुद्दे अधिकाधिक वेळा पुन्हा मांडत होते. सहकाऱ्याने हळूच सांगितलेली गोष्ट प्रमुखाने पुन्हा मोठ्याने म्हटली की ती हवेत विरत नाही.

आता हेच चित्र आपल्या घरात पाहू. आजोबांना चक्कर येते म्हणून मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जातो. तो सांगतो : वय ७८, शुगर आहे, जेवण कमी झाले आहे. ही सगळ्यांना माहीत असलेली माहिती. पण रक्तदाबाची गोळी महिन्यापूर्वी बदलली, हे सुनेला माहीत आहे, कारण गोळ्या तीच भरून ठेवते. चक्कर नेहमी अंथरुणातून उठतानाच येते, हे आजींनी पाहिले आहे. लघवीला उठावे लागू नये म्हणून आजोबा संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, हे फक्त त्यांच्या खोलीत झोपणाऱ्या नातवाला ठाऊक आहे. उभे राहताना रक्तदाब घसरला तरी चक्कर येते आणि औषध किंवा शरीरातले पाणी कमी होणे ही त्याची कारणे असू शकतात. निदान डॉक्टरांनीच करायचे. पण तीन चिठ्ठ्या घरीच राहिल्या तर त्यांनी ते कशावरून करावे?

आपल्याकडे या सापळ्याला आणखी एक पदर आहे. घरातला कर्ता माणूस बोलू लागला की बाकीचे थांबतात. सुनेने मध्ये बोलणे, नातवाने आजोबांचे गुपित सांगणे अनेक घरांत अजूनही अवघडच आहे. एकत्र खेळायच्या खेळांतही ही व्यक्ती लगेच ओळखू येते. ती सगळ्यांच्या वतीने विचार करते, सगळ्यांच्या चाली ठरवते आणि बाकीचे चहा पीत बघत बसतात. खेळणाऱ्यांच्या जगात ही जुनी तक्रार आहे. फरक एवढाच, की खेळात ‘थांबा बाबा, तिची चिठ्ठी राहिली’ असे हसत म्हणता येते. दवाखान्यात तसे म्हणण्याची सवय आधी घरात लागावी लागते.

खेळताना काय पाळावे?

विकतचा खेळ हवाच असे नाही. लाडवांसारखे रहस्य रचून दहा-बारा चिठ्ठ्या लिहिल्या तरी एक रविवार रंगतो. मुलांनाच रहस्य लिहायला सांगा. कोणता पुरावा कोणाकडे द्यायचा हे ठरवताना ती सगळे बारकाईने समजून घेतात. विकतचा खेळ आणलात तर खोक्यावरचे वय पाहा. ‘मायक्रोमॅक्रो’ची चित्रे गमतीदार असली तरी त्यांत खून आहेत, त्यामुळे लहान मुलांसाठी प्रकरणे पालकांनी आधी चाळलेली बरी.

चिठ्ठी दाखवायची नाही, आपल्या शब्दांत सांगायची. सुरुवातीला प्रत्येकाने ‘माझ्याकडे मामांबद्दल काही आहे’, ‘माझ्याकडे डब्याबद्दल आहे’ एवढे जाहीर करायचे. पहिली फेरी धाकट्यांपासून सुरू करायची आणि ती पूर्ण होईपर्यंत कोणी संशयिताचे नाव घ्यायचे नाही, कारण एकदा नाव घेतले की पुढचा प्रत्येक पुरावा त्याच्या गळ्यात अडकवण्याची घाई होते. घरातल्या मोठ्या माणसाला तपास अधिकारी करायचे, पण त्याचे काम उत्तर देण्याचे नाही. इतरांनी सांगितलेले पुन्हा मोठ्याने म्हणायचे आणि कोण बोलायचे राहिले ते पाहायचे.

ज्येष्ठ खेळायला बसणार असतील तर चिठ्ठ्या ठळक, मोठ्या अक्षरांत लिहा. दूरदर्शन बंद ठेवा, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असू द्या आणि एका वेळी एकानेच बोला. ऐकू कमी येणारी व्यक्ती चर्चेत गप्प बसते तेव्हा तिच्याकडे सांगण्यासारखे काही नाही, असा समज होतो. वारंवार तसे होत असेल तर कानांची तपासणी करून घ्यावी.

आणि पुढच्या वेळी घरातल्या कोणाला डॉक्टरांकडे न्यायचे असेल, तेव्हा आदल्या रात्री जेवताना अशीच एक फेरी घ्या. ‘आजोबांबद्दल तुला अशी कोणती गोष्ट माहीत आहे, जी आम्हाला माहीत नसेल?’ हा प्रश्न नातवापासून सुरू करून शेवटी आजोबांनाही विचारा. जे निघेल ते एका कागदावर लिहा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे त्याखाली लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.