प्लास्टर निघाल्यानंतर

हाड जुळले, प्लास्टर निघाले, की दुखण्याचा हिशेब मिटला, असे आपण सहसा मानतो. वस्तुतः त्या दिवशी निम्मीच वसुली झालेली असते. माडावरून पडलेला बागायतदार असो की दुचाकीच्या अपघातात सापडलेला दुकानदार, सांधा आखडलेला राहिला तर त्याचा हात वा पाय पूर्ववत कामास येत नाही.

सांधा आखडतो का? कित्येक आठवडे जखडलेल्या सांध्याभोवतीचे आवरण आकसते व स्नायू रोडावतात. हाडांच्या टोकांवरील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील द्रवातून होते आणि तो द्रव हालचालीनेच खेळता राहतो. म्हणूनच मनगट प्लास्टरमध्ये असतानाही, डॉक्टरांच्या अनुमतीने, बोटे व खांदा हलवीत राहणे इष्ट होय.

नित्याच्या बहुतेक कामांस कोपर 30 ते 130 अंशांच्या दरम्यान हलले तरी भागते. जिना उतरण्यास गुडघा सुमारे 90 अंश वाकावा लागतो. परंतु पेढीच्या गादीवर मांडी घालून बसावयाचे, तर त्याहून पुष्कळ अधिक. आपली ही गरज उपचार करणाऱ्यास आरंभीच सांगावी.

पेडणे किंवा डिचोलीहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नित्य जाणे धंदा सांभाळणाऱ्यास कठीण. तेव्हा भौतिकोपचारतज्ज्ञाकडून व्यायाम नीट शिकून घ्यावा व तो घरी, दिवसातून तीन-चार वेळा, थोडा थोडा करावा. खांद्यासाठी बॉस्टनचे शल्यचिकित्सक कॉडमन यांच्या नावाने ओळखला जाणारा व्यायाम सोपा आहे: एक हात टेबलावर टेकून पुढे वाकावे आणि दुखरा हात सैल सोडून लंबकासारखा हळूहळू झुलवावा. व्यायामानंतरचे दुखणे तासा-दोन तासांत ओसरले, तर मात्रा योग्य समजावी. दुसऱ्या दिवशीही सूज वा ठणका राहिला, तर ती कमी करावी. पोटरी सुजली किंवा ताप आला, तर विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. कोपराच्या ताज्या दुखापतीवर जोराने मालीश करवून घेऊ नये किंवा कोपर हिसडून वाकवू नये. त्यामुळे स्नायूतच हाड धरून ते कायमचे आखडण्याचा धोका असतो.

घरच्या मंडळींनी मायेपोटी रुग्णाचे प्रत्येक काम आपण करू नये. सदऱ्याची गुंडी लावणे, घास तोंडाशी नेणे, वहीत चार ओळी लिहिणे, हाही व्यायामच. त्यास वेळ लागतो. तो त्याला द्यावा.